लस फुकट, पण टोचायचा खर्च कोण देणार?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात लसीकरणावर दोन परिच्छेद लिहिले होते आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी पैशाबद्दल. सरकारने का द्यायचे, कुणी द्यायचे, मोठ्यांना का नाही. त्यातली पाच पत्रं घेतलीयेत. माझं मत आधीच सांगून टाकते, लसीची बाटली विकत घेणं हा खर्चाचा सोपा भाग आहे. बाटलीपासून दंडापर्यंतचा जो रस्ता आहे त्याला दरवर्षी न चुकता पैसा लागतो, आणि बजेट कापताना पहिली कात्री तिथेच लागते.

प्रश्न: मी टॅक्स भरतो, माझ्या मुलांच्या लसी मी स्वतःच्या पैशाने देऊ शकतो आणि दिल्याही. मग सरकारने सरसकट सगळ्यांना फुकट का द्यायच्या? ज्यांना परवडत नाही तेवढ्यांनाच द्या ना.

तुमची मुलं सुरक्षित आहेत ती फक्त तुमच्या पैशाने नाही, हे आधी बघू. गोवर घ्या. गोवर झालेला एक माणूस, आजूबाजूला कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना तो देऊ शकतो. म्हणून वस्तीत साधारण ९५ टक्के लोकांचे दोन डोस झालेले असावे लागतात, तेव्हा साथ पसरायची थांबते. आणि गोवरची पहिली लस बहुतेक देशांत ९ ते १२ महिन्यांच्या आसपास देतात, म्हणजे तुमच्याच घरात ५ महिन्यांचं बाळ असेल तर त्याच्यासाठी तुम्ही कितीही पैसे मोजायला तयार असलात तरी त्याचं संरक्षण शेजारच्या मुलांच्या दंडात आहे. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्या मुलाचंही तसंच.

आता "फक्त गरिबांना द्या" याबद्दल. अमेरिकेत हे प्रत्यक्ष होऊन गेलंय. तिथे १९८९ ते १९९१ मध्ये गोवरची मोठी साथ आली, साधारण ५५ हजार केसेस आणि शंभराहून जास्त मृत्यू. लस तर १९६३ पासून होती! मुलं लसीविना राहिली कारण ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही किंवा अर्धवट इन्शुरन्स आहे असे पालक डॉक्टरकडे जायचे आणि डॉक्टर त्यांना लसीसाठी दुसरीकडे सरकारी दवाखान्यात पाठवायचे, त्या दुसरीकडे जाण्यात बरीच मुलं गळाली. मग १९९३ मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रेन' सुरू झालं. केंद्र सरकार लस विकत घेतं, ती नेहमीच्या डॉक्टरकडेच पोचते आणि १८ वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना लसीचे पैसे पडत नाहीत. आज तिथली साधारण निम्मी मुलं या योजनेत बसतात, म्हणजे ही काही मूठभरांची योजना राहिलेली नाही.

त्याच्याही पुढे काही राज्यं गेली, आणि मला ती व्यवस्था जास्त पटते. उदाहरणार्थ वॉशिंग्टन राज्य. तिथे सगळ्याच मुलांसाठी राज्य लस घेतं, सरकारी करारातल्या कमी भावाने, आणि ज्या मुलांचा इन्शुरन्स आहे त्यांच्या लसीचे पैसे इन्शुरन्स कंपन्यांकडून एका वेगळ्या संस्थेमार्फत गोळा करून राज्याला दिले जातात. म्हणजे ज्याला परवडतं त्याचे पैसे कुठूनतरी येतातच, फक्त ते लसीच्या वेळी दारात विचारले जात नाहीत. डॉक्टरकडे एकच फ्रिज, एकच साठा, ही बाटली कुणाची आणि ती कुणाची असली विभागणी नाही. कोण गरीब आणि कोण नाही हे तपासायलाही माणसं लागतात, कागद लागतात, आणि त्या कागदापाशी जी आई परत फिरते ती नेमकी तीच असते जिच्यासाठी योजना काढलेली असते.

हिशोबाच्या भाषेत हवं असेल तर, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे की १९९४ ते २०२३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नेहमीच्या लसीकरणामुळे ११ लाखांहून जास्त मृत्यू टळले आणि लसीकरणाचा खर्च वजा जाता उपचारांचे निव्वळ ५४० अब्ज डॉलर वाचले. टॅक्स भरणाऱ्याला यापेक्षा चांगला परतावा देणारं सरकारी काम शोधून दाखवा, मला खरंच माहीत करून घ्यायला आवडेल.

प्रश्न: बाळाला घेऊन लसीकरण केंद्रावर गेले तर नर्स म्हणाली आज दोनच बाळं आहेत, बाटली उघडली तर वाया जाईल, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेले तर ती रजेवर आणि दुसरं कुणीच नाही. लस फुकट आहे म्हणतात पण दोन दिवसांची मजुरी गेली त्याचं काय? नियम काय आहे नक्की?

ताई, तुमचा राग अगदी बरोबर आहे आणि तुमच्या पत्रातच या सगळ्या विषयाचं मर्म आहे.

आधी बाटलीचं सांगते. सरकारी कार्यक्रमात लस बहुतेक वेळा एका बाटलीत ५, १० किंवा २० डोस अशी येते, कारण तशी ती स्वस्त पडते आणि फ्रिजमध्ये जागा कमी लागते. पोलिओचे थेंब किंवा पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) अशा काही बाटल्या एकदा उघडल्या तरी, नीट थंड आणि स्वच्छ ठेवल्या तर, पुढच्या सत्रात वापरता येतात. पण बीसीजी आणि गोवरची लस पावडरच्या रूपात असते, तिच्यात पाणी मिसळलं की घड्याळ सुरू होतं. ६ तासांत किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, उरलेली फेकायलाच लागते, काही ठिकाणी ४ तासच धरतात. कारण तिच्यात जंतू वाढू शकतात आणि अशा शिळ्या बाटलीने मुलं दगावल्याचं जगात झालेलं आहे, त्यामुळे फेकायचा नियम बरोबरच आहे.

पण म्हणून एका बाळासाठी बाटली उघडायचीच नाही? जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे, समोर आलेलं बाळ परत पाठवू नका, एक असलं तरी बाटली उघडा. वाया जाणारे डोस आधीच खरेदीत धरलेले असतात, धरायलाच हवेत. मग नर्स का घाबरते? कारण वरून रिपोर्टमध्ये तिला "किती डोस वाया गेले" हे विचारलं जातं, "किती बाळं परत गेली" हे कुणी विचारत नाही. बाटली मोजली जाते आणि तुमच्या दोन दिवसांची मजुरी कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता त्या दिवसाचा खर्च डोळ्यासमोर आणा. सकाळी डेपोतल्या फ्रिजमधून बाटल्या काढायच्या, त्या २ ते ८ डिग्रीत राहिल्या पाहिजेत. आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच बॉक्समध्ये भरायचे नाहीत, हलवल्यावर आत पाणी हललेलं कळेपर्यंत थांबायचं, नाहीतर हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, धनुर्वात या लसी गोठतात आणि गोठलेली लस दिसायला ठीक दिसली तरी निकामी झालेली असू शकते. मग कुणीतरी तो बॉक्स घेऊन गाडीवर किंवा चालत केंद्रावर पोचणार. बाटलीवर एक छोटं चिन्ह असतं, गोलाच्या आत चौकोन, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालेल, उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो आणि गोलाच्या रंगाचा झाला की ती बाटली बाद. पुढच्या वेळी नर्सला म्हणा मला दाखवा, त्या आनंदाने दाखवतात. त्यानंतर एकदाच वापरता येणारी सिरिंज, सुया टाकायचा डबा, तो कचरा जाळायची किंवा पुरायची सोय, यादी, नोंद, न आलेल्यांच्या घरी जाणं, संध्याकाळी उरलेल्या बाटल्या परत.

यातल्या बहुतेक गोष्टींचा "लस खरेदी" या शीर्षाखाली खर्च पडत नाही. देणगीदार, परदेशी संस्था, मंत्री, सगळ्यांना लस खरेदी आवडते कारण ती मोजता येते, फोटो काढता येतो. नर्सची रजा असेल तेव्हा बदली नर्स कोण, याला पैसे द्यायला कुणी उभं राहत नाही. तुमच्या बाबतीत जे झालं ते तिथेच अडलं. पुढच्या वेळी परत पाठवलं तर लसीकरण कार्डावर तारीख आणि "लस दिली नाही" असं लिहून मागा, आणि तो कागद वरच्या आरोग्य अधिकाऱ्याला दाखवा. भांडायला नाही, रकाना तयार व्हावा म्हणून. आणि डोस उशिरा झाला म्हणून सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे चालू करतात, ती काळजी सोडा.

प्रश्न: सरकारी लस हलक्या दर्जाची असते का? खासगीत दिलेल्या लसीने ताप येत नाही.

नाही. बऱ्याचदा तीच कंपनी दोन्हीकडे पुरवते. तापाचं कारण वेगळं आहे, डांग्या खोकल्याची लस दोन प्रकारची असते. अनेक देशांच्या सरकारी कार्यक्रमात अख्ख्या मारलेल्या जंतूची लस देतात, तिने ताप आणि दंड दुखणं जास्त होतं. खासगीत "पेनलेस" म्हणून जी मिळते तिच्यात जंतूचे फक्त काही भाग असतात, त्रास कमी, पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं असं दिसून आलंय. एक दिवसाच्या तापाला घाबरून सरकारी लस सोडू नका.

प्रश्न: वय ६७, शुगर आहे. डॉक्टरांनी फ्लू, न्यूमोनिया आणि नागिणीची लस लिहून दिली, तिन्ही खिशातून. नातवाला सगळं मोफत आणि मला काहीच नाही, म्हाताऱ्यांचा जीव स्वस्त का? आयुष्यभर टॅक्स मीही भरलाय.

काका, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण याचं समाधानकारक उत्तर बऱ्याच देशांच्या सरकारांकडे नाहीये.

असं का झालं ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ ला सुरू झाला तो लहान मुलांसाठी, तेव्हा मुलं गोवर, घटसर्प, धनुर्वाताने मरत होती आणि पैसा थोडा होता. तो निर्णय बरोबरच होता. गेल्या ५० वर्षांत त्यातून १५ कोटींच्या वर जीव वाचले असा २०२४ चा अंदाज आहे. पण सगळी रचना बाळाभोवती बसली. बाळाचं कार्ड असतं, तारखा असतात, बाळ कुठे आहे हे यंत्रणेला माहीत असतं. साठीच्या माणसाचं असं काहीच नाही, तो हॉस्पिटलमध्ये येतो तो आजारी पडल्यावरच. बऱ्याच देशांत मोठ्यांसाठी सरकारी लस म्हणजे गरोदर बायकांना धनुर्वाताची, बस्स.

पैशाचा कायदेशीर दर्जाही वेगळा, आणि हे अमेरिकेत फार स्वच्छ दिसतं. तिथे मुलांची योजना हा हक्क आहे, जितकी पात्र मुलं तितका पैसा द्यावाच लागतो. इन्शुरन्स नसलेल्या मोठ्यांसाठी जो पैसा येतो तो प्रामुख्याने लसींसाठीच्या एका कायदेशीर तरतुदीखाली, तिला कलम ३१७ म्हणतात, हे १९६२ च्या कायद्यातून आलंय, आणि तो दरवर्षी संसद ठरवेल तेवढाच, संपला की संपला. म्हाताऱ्यांना २०२३ पर्यंत तिथेही नागिणीच्या लसीसाठी खिशातून भरावं लागत होतं, २०२२ च्या कायद्याने ते बंद झालं.

इंग्लंडचं मला जास्त आवडतं. तिथे तज्ज्ञांची एक समिती आहे, जेसीव्हीआय, ती प्रत्येक लस तपासते, खर्चाच्या मानाने फायदा आहे की नाही बघते, आणि तिने राष्ट्रीय कार्यक्रमासाठी मंत्र्यांच्या विचारण्यावरून शिफारस केली आणि लस खर्चाच्या मानाने परवडणारी ठरली तर २००९ च्या नियमांनुसार आरोग्यमंत्र्याला ती अमलात आणावीच लागते, इच्छा असो वा नसो. तिथे तुमच्या वयाच्या माणसाला फ्लू आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाची) लस मोफत आहे, नागिणीची लस आता ६५ पासून टप्प्याटप्प्याने, आणि २०२४ मध्ये ७५ ते ७९ वयासाठी आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूची लस सुद्धा सुरू झाली. हे कुणाच्या दयेने नाही, नियमाने.

लोक म्हणतात मोठी माणसं कमावतात, त्यांनी घ्यावी विकत. भारतात २०२२ मध्ये याचा जणू प्रयोगच झाला. १० एप्रिलपासून कोविडचा तिसरा डोस १८ ते ५९ वयाला खासगी केंद्रात पैसे भरून, आणि जुलैपर्यंत पात्र लोकांपैकी एक टक्क्यानेसुद्धा तो घेतला नव्हता. मग १५ जुलैपासून ७५ दिवस मोफत केला आणि केंद्रांवर माणसं यायला लागली. साथीची भीती ओसरली होती हे खरं, पण ती जुलैतही ओसरलेलीच होती की.

एक दिलासा देते. नातवाच्या मोफत लसीतला थोडा वाटा तुम्हालाही मिळतो. अमेरिकेत २००० साली बाळांना न्यूमोकोकलची लस सुरू केल्यावर लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांमध्येही त्या जंतूचे गंभीर आजार कमी झाले, कारण तो जंतू नातवंडांच्या नाकातून आजोबांकडे जातो. पण नागिणीला हे लागू नाही, ती आपल्याच अंगात लपलेल्या कांजिण्यांच्या विषाणूने उठते, तिच्यासाठी स्वतःच लस घ्यावी लागते.

तिन्ही एकदम झेपत नसतील तर डॉक्टरांशी बोलून क्रम लावून घ्या, शुगर असताना फ्लू आणि न्यूमोनिया मी आधी धरेन. आणि जिथे नोकरी केली तिथली पेन्शनरांची आरोग्य योजना असेल तर लेखी विचारा, तोंडी "नाही" म्हणणं सोपं असतं.

प्रश्न: कॉलेजमध्ये वादविवाद आहे, विषय: लसीकरणाचा खर्च केंद्राने करावा की राज्याने? आणि रोग दिसत नसेल तर खर्च कमी करायला काय हरकत आहे? मुद्दे द्या प्लीज.

दोन्ही बाजूंचे देते. खरेदी मोठ्याने आणि एकत्र केली तर भाव खाली येतो आणि पुरवठा सांभाळता येतो. लॅटिन अमेरिकेतले देश १९७९ पासून एका सामायिक फंडातून एकत्र लस घेतात, छोट्या देशालाही मोठ्या गिऱ्हाइकाचा भाव मिळतो. उलट उदाहरण भारतातलं, १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयासाठी राज्यांना स्वतः लस घ्यायला सांगितलं, राज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करत जागतिक टेंडर काढली, काही परदेशी कंपन्या म्हणाल्या आम्ही फक्त केंद्राशीच बोलणार, आणि २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली.

पण राज्याच्या पैशाला एक वेगळी किंमत आहे, ते आधी करून दाखवू शकतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एचपीव्ही लस सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून मोफत दिली, देशपातळीवर काही नसताना, आणि ९० टक्क्यांच्या वर मुलींपर्यंत पोचले. इतकं छोटं राज्य! माझं मत विचारलंत तर खरेदी वरून आणि माणसं खालून, म्हणजे लस केंद्राने घ्यावी आणि नर्स, गाडी, फ्रिज दुरुस्ती हे राज्याच्या नियमित बजेटमध्ये कायमच्या पदांसकट असावं.

आता रोग दिसत नाही तर खर्च कमी करू, यावर. देवीच्या बाबतीत हे जमलं, कारण ती पृथ्वीवरूनच गेली, शेवटची नैसर्गिक केस १९७७, घोषणा १९८०, आणि मग सगळ्यांनी लस थांबवली. बाकी कुठलाही माणसाचा आजार अजून तिथे पोचलेला नाही. गोवर फक्त लांब उभा आहे. अमेरिकेत गोवर संपला असं २००० मध्ये जाहीर झालं. २०२५ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये साथ सुरू झाली, ७६२ केसेस, शाळेच्या वयाची २ मुलं गेली, दोघांनाही लस नव्हती. आणि साथ ऐन भरात असताना मार्चमध्ये केंद्र सरकारने कोविडच्या काळात राज्यांना दिलेले ११ अब्ज डॉलरहून जास्तीचे आरोग्य निधी परत घेत असल्याचं जाहीर केलं, त्यात टेक्सासच्याच डॅलस काउंटीला ५० हून जास्त लसीकरण सत्रं रद्द करावी लागली आणि माणसं कमी करावी लागली. लस होती बरं का, टोचणारे गेले.

प्रतिपक्ष म्हणेल की तो पैसा कोविडसाठी होता, तात्पुरता होता, संपणारच होता. बरोबर आहे त्यांचं. पण मग विचारा की रोजचं लसीकरण तात्पुरत्या पैशावर का चालवलं जात होतं? तुमच्या राज्याचं बजेट नेटवर असतं, आरोग्य खात्याचं पान उघडा. लसीकरणाखाली मंजूर किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, नर्सची पदं किती मंजूर आणि किती भरलेली, त्यातली कंत्राटी किती, आणि मोठ्यांच्या लसीसाठी वेगळी ओळ आहे का. हे आकडे घेऊन स्टेजवर जा, आणि वादविवाद झाल्यावर तेच तुमच्या आमदारांना पाठवा.